हसले की हिरड्या दिसतात, लग्नाआधी काय करू?

ताई, मी २४ वर्षांची. गुजरीत एका सराफाच्या दुकानात काउंटरला असते. हसले की वरच्या हिरड्या खूप दिसतात. दात सरळ आहेत, पण लहान मुलीच्या दातांसारखे बुटके. मला पाहायला आले तेव्हा मी सगळा वेळ ओठ मिटून होते. आता लग्न तीन महिन्यांवर आलंय. परवा रंकाळ्यावर प्री-वेडिंगचं शूट होतं, तिथं फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, तोंड मिटून हसा." हे शेजारीच होते, काही बोलले नाहीत. मी त्यांना फसवलंय असं वाटायला लागलंय. मैत्रीण म्हणते, पार्लरमध्ये बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, ते घेऊन टाक. आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्याही हिरड्या अशाच दिसतात, आता मात्र दिसत नाहीत. मी काय करू?
– एक वाचक, कोल्हापूर

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा 'बुटके' या शब्दापाशी थांबले. तू सहज लिहून गेलीस, पण मला वाटतं तुझ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे.

हसताना हिरड्या दिसायला एकच कारण नसतं. कुणाचा वरचा ओठ मुळातच आखूड असतो. कुणाचा ओठ मापाचा असतो, पण हसताना स्नायू त्याला फार वर ओढतात. कुणाचा वरचा जबडाच उंचीला जास्त वाढलेला असतो. आणि काहींचे दात चांगले लांब असूनही हिरडीखाली झाकलेले राहतात. दात आल्यावर हिरडी हळूहळू वर सरकून दाताच्या मानेशी थांबायला हवी, ती यांच्यात मध्येच थांबते. मग दात बुटके, चौकोनी दिसतात. समोरच्या दोन मोठ्या दातांची उंची साधारण १० ते ११ मिलिमीटर असते. सोन्याच्या दुकानात काम करणारीला मिलिमीटर काय ते मी सांगायला नको. स्वच्छ पट्टी घे, आरशासमोर बस आणि मोज. उंची आणि रुंदी जवळजवळ सारखीच भरली, तर दात बहुधा हिरडीत दडलेत. तसंच ओठ सैल सोडून, न हसता बघ. तेव्हाच दात खूप दिसत असतील तर ओठ किंवा जबड्याकडे बोट जातं.

आणखी दोन गोष्टी तू लिहिल्या नाहीस. ब्रश करताना रक्त येतं का? येत असेल तर हिरड्या सुजलेल्या असतील, आणि नुसत्या साफसफाईनंही काही आठवड्यांत त्या उतरतात. कसल्या गोळ्या चालू आहेत का? फिटवरच्या फेनिटॉइननं, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढतात. माझ्या भाचीचं असंच झालं होतं, आणि कितीतरी दिवस आम्ही टूथपेस्टच बदलत बसलो. अशी गोळी असेल तर मनानं बंद करू नकोस, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचार.

आता पार्लर. तिथं अजिबात जाऊ नकोस, हे मी हक्कानं सांगते. बोटॉक्स हे औषध आहे. ते ओठ वर ओढणारा स्नायू सैल करतं. जागा किंवा मात्रा चुकली तर हसू एका बाजूला वाकडं होतं आणि असर उतरेपर्यंत तसंच राहतं. नीट दिलं तरी तीन-चार महिन्यांत ओसरतं, मग पुन्हा सुई. आणि मुख्य म्हणजे तुझे दात हिरडीत दडले असतील, तर ओठ खाली आला तरी दात बुटके ते बुटकेच राहणार.

तू हिरड्यांच्या तज्ज्ञाला, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टला दाखव. खर्चाची काळजी असेल तर नवे पारगावला तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे, तिथं चौकशी कर. ते बारीक मापाच्या सळीनं आणि एक्स-रे काढून हिरडी किती जास्त आहे, दाताच्या मानेच्या हाड किती जवळ आहे ते बघतील. हाड मानेपासून दूर असेल तर जागा बधिर करून जादा हिरडी ब्लेडनं किंवा लेझरनं कापतात, एका बैठकीत काम होतं. हाड जवळ असेल तर हिरडी उचलून हाडही थोडं घासावं लागतं, नाहीतर हिरडी पुन्हा खाली येते. त्यात हिरडीची कड पक्की बसायला काही महिने जातात. म्हणून पहिल्याच भेटीत लग्नाची तारीख सांग आणि आधी करायचं की नंतर, ते त्यांना ठरवू दे.

जबडा कारण निघाला तर मात्र तीन महिन्यांचा विचारच सोड. त्यात आधी तारा, मग भूल देऊन जबडा वर सरकवण्याचं ऑपरेशन, अशी दीड-दोन वर्षांची वाट असते. फार थोड्यांना ती खरोखर लागते.

आईच्या अल्बमचं तू बरोबर टिपलंस. वयानुसार वरचा ओठ खाली उतरतो आणि हिरड्या झाकल्या जातात. तरुण मुलींच्या दोन-तीन मिलिमीटर हिरड्या दिसणं डॉक्टरही दोष धरत नाहीत.

आणि फसवणुकीचं. ओठ मिटून बसणं ही फसवणूक नव्हे गं, पाहुण्यांसमोर पोहे घेऊन बसलेली मुलगी घाबरलेली असते एवढंच. ते गप्प राहिले याचा अर्थ तू एकटीनंच लावलास. अनोळखी माणूस होणाऱ्या बायकोला असं बोलला, तर काय बोलावं हे त्यांनाही सुचलं नसेल. विचार त्यांना. रंकाळ्यावर भेळ घेऊन बसा आणि जे मला लिहिलंस ते तसंच्या तसं त्यांना सांग. तोंड झाकायला हात वर जाईल, तेव्हा त्या हातात भेळेचा कागद असू दे.

फोटोग्राफरला सांगायचं ते मात्र लग्नाआधीच सांग: "दादा, मी हसेन तसे फोटो काढा." आणि पट्टीवर किती मिलिमीटर भरले ते मला कळव.