वाचकांचे प्रश्न : विभागाचा वार्षिक वृत्तान्त कसा वाचावा?

प्रश्न : माझी धाकटी मुलगी पुण्यात भाषाविज्ञान या विषयात एम.ए. करते. वर्षअखेरीस तिच्या विभागाने काढलेली वृत्तपुस्तिका तिने घरी पाठवली आहे. शोधनिबंध, चर्चासत्रे, नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, जत तालुक्यातील क्षेत्रकार्य, असे बरेच काही तिच्यात आहे. आम्ही द्राक्षबागायतदार, यातले खरे मोलाचे काय आणि कागदापुरते काय, हे आम्हाला उमगत नाही. मुलीचे नाव शोधनिबंधांच्या यादीत नाही, फक्त क्षेत्रकार्याच्या ओळीत आहे. ती मागे पडली असे समजावे काय?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : मुळीच समजू नये. ती पुस्तिका माझ्या हाती आली असती, तर मी सर्वांत आधी तीच ओळ वाचली असती.

भाषाविज्ञान म्हणजे पुष्कळ भाषा बोलायला शिकणे, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे आणि ‘मग आता किती भाषा येतात?’ असे विचारून पाहुण्यांनी आपल्या मुलीला एव्हाना भंडावूनही सोडले असेल. वास्तविक, माणसे प्रत्यक्षात जे बोलतात त्याची घडण तपासणारे हे शास्त्र आहे, आणि हाताशी नोंदी नसतील तर त्यातली पुढची सगळी चर्चा हवेतच राहते. आपल्याच मुलखातले उदाहरण घ्या. प्रमाण मराठीत स्त्री ‘मी येते’ म्हणते. सांगली-कोल्हापूरकडे मात्र कितीतरी मुली आणि बायका सहजपणे ‘मी येतो’, ‘मी आलो’ म्हणतात, ‘काय करतोयस?’ ऐवजी ‘काय करायलास?’ असे विचारतात, आणि पुण्याच्या वसतिगृहात त्यावरून एक-दोनदा हसे झाले की ते बोलणे आवरते घेतात. कन्नडमध्ये ‘मी’बरोबर येणाऱ्या क्रियापदाला लिंगभेद नसतो; तेव्हा ही शेजारच्या भाषेची छाया असावी, असे अनुमान सुचते. पण कोणत्या गावातल्या, कोणत्या वयाच्या, घरात कन्नड असलेल्या की नसलेल्या बायका असे बोलतात, हे पाहिल्याखेरीज ते अनुमान ग्राह्य धरता येत नाही.

त्यासाठी जतसारख्या कर्नाटक सीमेवरच्या तालुक्यात जाऊन ओसरीवर बसावे लागते; क्षेत्रकार्य ते हेच. ‘तुम्ही कसे बोलता?’ असे थेट विचारले, तर समोरचा माणूस सावध होऊन शाळेतली मराठी बोलू लागतो; म्हणून एखादा छोटा व्हिडिओ दाखवून ‘काय झालं ते सांगा’ एवढेच म्हणायचे आणि आपण गप्प राहायचे. नंतर त्या ध्वनिमुद्रणातला शब्द न् शब्द, अडखळण्यासकट, कागदावर उतरवायचा. तासाभराच्या बोलण्याला त्यात कित्येक दिवस जातात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचे मराठी बोलींचे सर्वेक्षण गावोगावच्या अशाच ध्वनिमुद्रणांवर उभे आहे. याउलट, ब्रिटिश काळातले अधिकारी व भाषाभ्यासक जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणातला मराठीचा खंड १९०५ साली निघाला. त्यातले नमुने बऱ्याच अंशी बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीच्या भाषांतरांतून मिळवलेले आहेत. भाषांतर करणारा माणूस आणि शेजारणीशी बोलणारी बाई यांच्या मराठीत किती अंतर पडते, हे आपणही घरबसल्या अनुभवू शकता.

एप्रिलातल्या खरड छाटणीच्या वेळी घड कुठे आहे, असे आपण विचारत नाही. त्या काडीत सूक्ष्म घड धरला, तरच ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल दिसतो. क्षेत्रकार्याचे तसेच आहे. कोशकार्य तर त्याहूनही संथ. डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचे काम १९४८ साली सुरू झाले, पहिला खंड १९७६ मध्ये बाहेर पडला, आणि त्यानंतर तीसहून अधिक खंड निघूनही काम अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. अशा कामाचा वर्षाचा हिशेब मागितला, तर वृत्तान्तात जेमतेम एक ओळ भरते.

शोधनिबंधांची संख्या मोजत बसू नये. निबंध जाणकारांनी तपासून छापला की लेखकाकडून पैसे घेऊन, एवढे मुलीला विचारावे; ती खरे ते सांगेल. चर्चासत्राला ‘उपस्थिती’ ही मला कामगिरी वाटत नाही, चहा सगळेच पितात. नेटची ओळ मात्र नीट वाचावी, कारण ‘नेट उत्तीर्ण’ या दोन शब्दांत वेगवेगळ्या गोष्टी दडतात : २०२४ पासून काही जण केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरतात, काही जण सहायक प्राध्यापकपदासाठीही, तर काहींना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते, जी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. घरच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

प्रश्न : मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा उल्लेख एका भाषा विभागाने स्वतःच्या कामगिरीत केलेला पाहिला. हे योग्य आहे काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही हा दर्जा दिला. त्याचे निकष भाषेच्या आणि ग्रंथांच्या प्राचीनतेचे आहेत. त्या विभागातल्या कोणी शिलालेखांवर किंवा जुन्या ग्रंथांवर काम करून पुरावा पुढे आणला असेल, तर उल्लेख रास्त. एरवी ती बातमी आहे, कामगिरी नव्हे.