लाकूडकामासाठी ग्लू गन कोणती घ्यावी? 20 वॅटची पुरेल का?

नाही पुरणार. 20 वॅटची गन शाळेच्या प्रोजेक्टला आणि रुखवताला ठीक. लाकडासाठी 60 ते 100 वॅटची, 11 मिलिमीटरची कांडी बसणारी घ्या. बारक्या गनमध्ये 7 मिलिमीटरची कांडी लागते, आणि फळीवर तिसरा ठिपका टाकेस्तोवर पहिला गार झालेला असतो.

पण ग्लू गननं लाकडाचा जोड मारता येतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यात आमचे दाजी पहिले, म्हणून लिहायला बसलो.

2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडं गणपतीचं मखर प्लायचं असतं. त्या वर्षी मी म्हटलं, कमानीच्या जोडाला फेविकॉल लावू, रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेवू. दाजी म्हणाले, "गन हाय की! रात्रभर कशाला वाट बघायची?" लक्ष्मीपुरीतून आणलेल्या गननं त्यांनी चहा व्हायच्या आत कमान उभी केली. ताईनं कौतुक केलं. मग त्यांनी कमानीवर दोन हॅलोजन मारले.

गौरी आल्या त्या संध्याकाळी, घर माणसांनी भरलेलं, आरती निम्म्यावर, आणि डावा खांब कलायला लागला. पडला नाही, नुसता सावकाश कलत गेला, जोडातून डिंकाच्या तारा निघत होत्या. ताईनं एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं टाळी वाजवल्यासारखं करत आरती पुरी केली. दाजी अजून म्हणतात कांडी लोकल होती. अहो, उष्णतेनं वितळवून लावलेली वस्तू उष्णतेनं मऊ पडणारच की!

त्याच रात्री मी जोड उकलले. जुना ग्लू पटाशीनं पूर्ण खरवडला, कारण त्याच्यावर फेविकॉल धरत नाही. मग जोडावर फेविकॉल, फक्त दोन्ही टोकांना ग्लूचा बारीक ठिपका, आणि लगेच दाबून धरायचं. ठिपका मिनिटाभरात पकडतो, तोच तुमचा क्लॅम्प. खरी ताकद रात्रभरात फेविकॉल घेतो. ठिपका जाड पडला तर मधे फट राहते, म्हणून गन पुरती तापल्याशिवाय घोडा दाबू नका. हॅलोजन काढून एलईडी लावले. विसर्जनापर्यंत खांब हलला नाही.

दाजींचं नवीन म्हणणं, 100 वॅटची असती तर कललंच नसतं. कललंच असतं. जास्त वॅटनं ग्लू भराभर मिळतो, लागलेल्या ग्लूला त्यानं काही जोर येत नाही.

गन घेताना बटण आणि पुढं उभं राहणारं स्टँड बघा. टोकातून थेंब गळतच राहतो, खाली टाइलचा तुकडा ठेवा. घरात लहान पोरं असतील तर कमी तापमानाची घ्या, लाकडावर तिची पकड कमी असते तरी. आणि स्टूल-खुर्ची करणार असाल तर गनचं नावच काढू नका, स्क्रू आणा.