मॅच : खेळाची, ब्लाऊजची आणि काडीची

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका वाचकाचा प्रश्न आहे : शाहू स्टेडियमवर होते ती मॅच, साडीवर ब्लाऊज शोभला तर तोही मॅच आणि गॅस पेटवायची काडीसुद्धा इंग्रजीत मॅचच. एका शब्दाला एवढे अर्थ फुटले कसे?

फुटले नाहीत. मुळात हे दोन शब्द. स्पेलिंग आणि उच्चार तेवढे एक झाले.

पहिला शब्द अस्सल इंग्रजी घराण्यातला. जुन्या इंग्रजीत ‘मॅच्चा’ म्हणजे जोडीदार, जोडीतला एक. नवरा किंवा बायकोसुद्धा. त्यावरून बरोबरीचा, तोलामोलाचा. आणि बरोबरीचा गडी समोर उभा केला की सामना आलाच. हा अर्थ कसा सरकला हे कुस्ती बघणाऱ्याला सांगायला नको. जत्रेच्या मैदानात पोराचा हात धरून त्याला हौद्याभोवती फिरवतात. गर्दीतून दुसरा कुणी उठतो. दोघांना शेजारी उभं करून उंची, अंगलट बघतात, कुठल्या तालमीचा, आधी कुणाशी लढला ते विचारतात, आणि मग कुस्ती ‘जोडतात’. आधी जोड, मग झुंज. दोघं अगदी समसमान असले की लढत ‘काटाजोड’. खासबागेच्या कुस्ती मैदानातला हा शब्द आता कोल्हापुरी फुटबॉलच्या बातम्यांतही सर्रास असतो. संघांची नावंच तालमींची म्हटल्यावर दुसरं काय होणार!

याच ‘मॅच’चा लग्नातला अर्थ शोभणारं स्थळ, म्हणून स्थळं जुळवणारा तो मॅचमेकर. रंगाला रंग शोभला की मॅचिंग. ‘मॅचिंग सेंटर’ ही मात्र आपल्याकडची घडण. अस्तर, फॉल, ब्लाऊजपीस एका छताखाली मिळणाऱ्या दुकानाला लंडनमध्ये या नावाने कुणी ओळखणार नाही.

काडीची मॅच फ्रेंचमधून आली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मेश’ म्हणजे दिव्याची वात. कोशकार तिचा माग लॅटिनमार्गे ग्रीक ‘मिक्सा’पर्यंत नेतात, आणि त्याचा अर्थ चक्क शेंबूड! दिव्याच्या चोचीतून लोंबणारी वात बघून कुणा ग्रीकाला पोराचं नाक आठवलं असावं. वातीवरून हा शब्द तोफेला बत्ती द्यायच्या दोरीवर गेला. सोऱ्याच्या, म्हणजे बंदुकीच्या दारूतल्या क्षाराच्या, पाण्यात भिजवलेली ही दोरी भडकत नाही, धुमसत राहते. आपण तिला तोडा किंवा जामगी म्हणायचो. तोड्याची बंदूक ती इंग्रजीत मॅचलॉक. घासून पेटणारी काडी बरीच उशिरा आली : इंग्लंडमधल्या स्टॉकटनच्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने ती 1827 मध्ये विकायला काढली, आणि वातीचं नाव तिलाही चिकटलं.

गंमत म्हणजे मराठीतही बरोबरीला ‘तोडीस तोड’ आणि बंदुकीच्या वातीला ‘तोडा’. यावरून इंग्रजीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, पण दोन्ही मॅच लक्षात ठेवायला याहून सोपी खूण नाही.

राहिली माचिस. तीही याच दुसऱ्या मॅचची. इंग्रजीतलं अनेकवचन ‘मॅचिस’ आपण उचललं आणि त्याचं एकवचन करून टाकलं. तिकडे ते काड्यांचं नाव, इकडे अख्ख्या पेटीचं. म्हणून टपरीवर ‘एक माचिस द्या’ म्हटलं की काडेपेटी मिळते.