४२९४९६७२९७ मूळ का नाही, आणि पाया २ ची कसोटी इथे का फसते

तुमचा प्रश्न असा: ४२९४९६७२९७ ला पाया २ घेऊन फर्माची कसोटी लावली (पायाचा 'संख्या वजा १' एवढा घात घेऊन त्या संख्येने भागायचे; विषम मूळ संख्येला बाकी १ येतेच), बाकी १ आली, मग ही संख्या मूळ मानायची का? नाही. ती ६४१ × ६७००४१७ आहे. पाया २ ने ती कधीच पकडली जाणार नाही.

कारण तिच्या घडणीत आहे. ही संख्या म्हणजे २^३२ + १. म्हणून तिने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भागाला एक कमी) आणि २^६४ ची बाकी १. कसोटीत २ चा जो घात घ्यायचा तो संख्या वजा १, म्हणजे २^३२ एवढा. त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे १ येणारच. मिलर-राबिन या अधिक कडक कसोटीतही पाया २ वर ती सुटते. पाया ३ घ्या. ३ पासून सुरुवात करून ३२ वेळा वर्ग करा, दर वेळी बाकी घ्या. शेवटी १ न येता ३०२९०२६१६० येते, म्हणजे संख्या संयुक्त.

संगणकावर हे करताना एक खड्डा आहे. ६४ बिटांच्या चलात २^३२ चा वर्ग मावत नाही, बिनचिन्ह (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चलात तर त्याचे थेट ० होते. ३२ बिटांच्या बिनचिन्ह चलात आपली ४२९४९६७२९७ हीच १ होऊन बसते. पायथॉन या संगणकभाषेत ही अडचण नाही.

आता विभाजक हाताने. ६५५३६ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायची गरज नाही. लुकासने १८७८ मध्ये दाखवले की हिचा प्रत्येक मूळ विभाजक १२८क + १ (क पूर्णांक) या रूपाचा असतो. १२९, ३८५, ५१३ संयुक्त आहेत. २५७ ने भागल्यास बाकी २ उरते. पुढचा लगेच ६४१. ऑयलरला तो १७३२ मध्ये सापडला.

भागाकार न करता पडताळाही होतो, आणि तो फार देखणा आहे. ६४१ = ५·२^७ + १, म्हणून ६४१ ने भागल्यास ५·२^७ ची बाकी −१, चौथ्या घाताची १, म्हणजे ५^४·२^२८ ची बाकी १. दुसरीकडे ६४१ = ५^४ + २^४, म्हणून ५^४ च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी ०. झाले.

६७००४१७ मूळ आहे का, हे बहुतेक जण तपासतच नाहीत. तिचे वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. त्या मर्यादेत १२८क + १ रूपाच्या मूळ संख्या पाचच: २५७ (वर बाद झालीच), ६४१, ७६९, ११५३, १४०९. शेवटच्या चारांच्या बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. म्हणजे मूळच.

विभाजक माहीत नसतानाही ही संयुक्त आहे हे दाखवणारी आणखी एक वाट: ६५५३६² + १² आणि ६२२६४² + २०४४९², या दोन्ही बेरजा प्रत्येकी हीच संख्या देतात. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत फार तर एकाच प्रकारे मांडता येते.