मेलबर्नची मैत्रीण हॅलोविन एप्रिलमध्ये का साजरा करते? तिच्याकडे जावं का?

तुमचा प्रश्न असा: स्वतःला 'विच' म्हणवणाऱ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने ३० एप्रिलच्या रात्री 'साविन'ला घरी बोलावलंय. हॅलोविन तर ऑक्टोबरात असतो, मग हे काय? आणि त्यात करणी-भानामतीसारखं काही असतं का?

मी मेलबर्नमध्येच राहते. शेजारीण 'विक्का' या स्वतःला विच म्हणवणाऱ्यांच्या आधुनिक पंथातली असल्याने तिच्या अंगणातल्या बऱ्याच सणांना गेलेय. तेव्हा आधी उत्तर देऊन टाकते: खुशाल जा. करणीबिरणी काही नसते. कुणाला इजा होऊ नये, बाकी हवं ते करा, हा या पंथाचा मुख्य नियम आहे.

आता तारखेचं. साविन मूळचा आयर्लंडचा. पीक घरात आलं, गुरं कुरणातून परतली, अंधाराचे महिने सुरू झाले की हा सण. हॅलोविन त्याच दिवसांतला. पण ३१ ऑक्टोबर ही तारीख उत्तर गोलार्धाची. इथे तेव्हा वसंत ऐन भरात असतो, दिवस मोठा होत असतो. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक पेगन (म्हणजे ख्रिस्तपूर्व निसर्गपूजेच्या वाटेने जाणाऱ्या, विक्कासारख्या पंथांतल्या) लोकांनी सगळं वर्षच सहा महिने सरकवलंय. साविन एप्रिलअखेर, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा यूल २१ जूनच्या आसपास. आणि दुकानं भोपळ्यांनी भरलेली असतात त्या ऑक्टोबरअखेरीला हे लोक बेल्टेन करतात, म्हणजे फुलण्या-फळण्याचा सण. आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या डेल्सफर्ड गावाजवळ माउंट फ्रँकलिन नावाचा विझलेला ज्वालामुखी आहे. त्याच्या विवरात बेल्टेनचा मेळावा मागच्या शतकातल्या ऐंशीच्या दशकापासून भरतोय. काही जण अजूनही उत्तरेच्याच तारखा पाळतात, पण कडक उन्हात 'सूर्य परत ये' म्हणून साकडं घालणं मला तरी विनोदी वाटतं.

असं सरकवता येतं, कारण हे आठ सणांचं चक्र फार जुनं नाही. सुटे सण जुने आहेत, त्यांची मोळी नवी. इंग्लंडमध्ये जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनर यांनी विक्का उघडपणे मांडायला सुरुवात केली. आयर्लंडकडचे चार ऋतुसण आणि सूर्याचे चार टप्पे (दोन अयनं, दोन विषुवदिन) यांचं एकत्र चक्र त्याच दशकात इंग्लंडमधल्या विक्का मंडळींनी बसवलं. शरद विषुवाला 'मेबन' हे नाव तर १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाने दिलं, तेही वेल्सच्या पुराणकथेतल्या एका पात्रावरून. शेजारीण हे सगळं बिनदिक्कत सांगते. तिच्या मते सण दारातल्या झाडाशी जुळला पाहिजे.

आपण नेमकं उलट करतो. इथले मराठी लोक जानेवारीच्या रखरखाटात तिळगूळ वाटतात, गुढीपाडव्याला झाडांची पानं गळत असतात. सूर्य उत्तरेकडे निघालेला असतो हे इथेही खरंच, फक्त त्याने इथे दिवस लहान होत जातो! आपला सण पंचांगाला बांधलेला, त्यांचा मातीला.

नुसत्या तारखा बदलून मात्र भागलं नाही. इथे सूर्य पूर्वेकडून उत्तरेमार्गे पश्चिमेला जातो, म्हणजे घड्याळाच्या उलट. म्हणून पूजेचं वर्तुळ आखताना हे लोक त्याच दिशेने फिरतात. (कॅरम डाउन्सच्या शिव-विष्णू मंदिरातली प्रदक्षिणा मात्र आपली नेहमीचीच.) इंग्लंडमध्ये अग्नी दक्षिणेला मानतात, इथे अनेक जण तो उत्तरेला नेतात, ऊब तिकडून येते म्हणून. मोठी अडचण होते ती डिसेंबरात. सर्वांत मोठ्या दिवसाला रिवाज होळी पेटवण्याचा, आणि व्हिक्टोरियात तेव्हा वणव्यांचा मोसम. 'टोटल फायर बॅन' जाहीर झाला की उघड्यावर शेकोटी बंद. शेजारीण मग अंगणात एलईडीच्या माळा लावते आणि वर्षभर त्याबद्दल कुरकुरते.

तिला आणखी एक गोष्ट टोचते. चार ऋतू हीच मुळात युरोपातून आणलेली चौकट. निलगिरीची झाडं शरदात पानं झाडत नाहीत. पर्थकडच्या नूंगार या मूळ रहिवाशांचे तर सहा ऋतू आहेत. तरी दुसऱ्यांचे सण उचलून आपले म्हणणं तिला पटत नाही, म्हणून ती चौकट तशीच ठेवते आणि सुरुवातीला इथल्या मूळ रहिवाशांचं स्मरण करते.

तुमच्या रात्री काय होईल? टेबलावर गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, सफरचंदं, भोपळा. ही फळं इथे एप्रिलमध्ये खरोखरच हंगामाची. रोझमेरीची डहाळीही बहुधा दिसेल. २५ एप्रिलच्या ॲन्झॅक डेला लोक सैनिकांच्या आठवणीसाठी ती कोटाला लावतात, आणि साविनलाही ती आठवणीचीच. मग वर्तुळ, दिशांना आवाहन, गेलेल्यांची नावं घेणं. काही घरी जेवण मुक्याने होतं आणि एक ताट मृतांसाठी वाढतात. पितृपक्षात पान वाढलेलं पाहिलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. आजीचा फोटो न्या, तो ठेवायला आनंदाने जागा देतील.

पाळायचं एवढंच: मांडलेल्या वस्तूंना, विशेषतः छोट्या सुरीला, न विचारता हात लावू नका. वर्तुळातून मध्येच बाहेर पडायचं झालं तर सांगा, ते 'दार' उघडून देतात. फोटो विचारूनच काढा. नग्न पूजेबद्दल नेटवर वाचलं असेल. तसं काही जुन्या बंद गटांत चालतं, पाहुण्यांना बोलावलेल्या घरी नाही. पेला फिरवतात त्यात वाइन किंवा मध आंबवून केलेलं मीड असतं. पीत नसाल किंवा मांसाहार करत नसाल तर मैत्रिणीला आधीच कळवा, आणि स्वेटर घ्या, कार्यक्रम बहुतेक अंगणातच असतो.