परिस्थिती अहवाल : लिहायचा कोणी आणि कसा?

प्रश्न : सयाजीगंज भागात आमच्या न्यासाचा वृद्धाश्रम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटावर निरोपांचा पाऊस पडला. तरीही तळमजल्यावरचे सर्व रहिवासी वर हलवले की नाहीत, हे आम्हा विश्वस्तांना रात्रीपर्यंत नक्की कळले नाही. आता ‘परिस्थिती अहवाल’, म्हणजे ठरावीक वेळाने सद्यस्थिती कळवणारी छोटी नोंद, सुरू करावा असे काहींना वाटते. माणसे आधीच अपुरी असताना हा कागदी व्याप कशाला, असे व्यवस्थापक विचारतात. काय करावे?
— एक विश्वस्त, वडोदरा

उत्तर : व्यवस्थापकांची तक्रार रास्त आहे. अहवालामुळे त्यांना येणारे फोन कमी झाले नाहीत, तर तो खरोखरच व्याप ठरेल. म्हणून तो त्यांनी लिहू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतही परिस्थितीची माहिती संकलित करणारा गट प्रत्यक्ष कारवाई करणाऱ्यांपासून वेगळा ठेवला आहे. तुमच्याकडे हे काम हिशेबनीसही करू शकतील.

अहवाल केवढा असावा, याचा एक काल्पनिक नमुना देतो :

‘अहवाल क्र. ३, दुपारी २.००. तळमजल्यावरील १४ पैकी ११ रहिवासी वर हलवले. तिघांना उचलून न्यावे लागेल, चार माणसे हवीत. वीज १२.४० पासून नाही. जनरेटरचे डिझेल अंदाजे ५ तास पुरेल. पाणी दुसऱ्या पायरीला, दुपारी १ वाजता पहिल्या पायरीला होते. आजवा जलाशयातून पाणी सोडल्याचा निरोप आला आहे, महापालिकेकडून खातरजमा झालेली नाही. निर्णय हवा : ऑक्सिजनवरील दोघांना आताच रुग्णालयात न्यावे का? पुढील अहवाल ३.०० वाजता.’

यातील आजव्याचे वाक्य पुन्हा वाचावे. पुराच्या दिवसांत असे निरोप, आणि कुठल्या तरी सोसायटीत शिरलेल्या मगरीची चित्रफीत, दिवसभर फिरत राहतात. आपल्या शहरात मगर खरोखरच अंगणात येते, त्यामुळे असा निरोप हसण्यावारी नेता येत नाही; पण कोणी, कोठे आणि केव्हा पाहिले हे कळेपर्यंत तो ‘खातरजमा नाही’ याच शब्दांसह नोंदवावा. एखादी नोंद चुकलीच, तर जुना अहवाल खोडू नये. पुढच्या क्रमांकाच्या अहवालात दुरुस्ती द्यावी, कारण जुन्या आकड्यावर कोणी तरी आधीच निर्णय घेतलेला असू शकतो.

तीन वाजता सांगण्यासारखे काही नसले, तरी ‘बदल नाही’ एवढे तरी कळवलेच पाहिजे. ते न आल्यास विश्वस्त पुन्हा फोन लावतील आणि व्यवस्थापकांची तक्रार खरी ठरेल. पाऊस थांबला म्हणूनही अहवाल बंद करू नयेत. विश्वामित्री पावागडाकडून येते आणि वरचे पाणी शहरात उशिरा पोहोचते, त्यामुळे इकडे ऊन पडलेले असतानाही पायऱ्यांवरचे पाणी चढू शकते.

सुरुवात मात्र पुरात नको. टाकी धुण्याच्या दिवशी किंवा वीज जाईल त्या दुपारी दोन-तीन अहवाल लिहून पाहावेत. त्यासाठी फक्त लेखनिकालाच लिहिता येईल असा वेगळा व्हॉट्सॲप गट करावा, आणि मोबाइलचे नेटवर्क गेल्यास अहवाल हाती लिहिता यावा म्हणून एक वही व पेन्सिल पहिल्या मजल्यावर ठेवावी. कार्यालय तळमजल्यावर असेल, तर तेथे मुळीच नको.