संगणक-शंका : कुलूप शाबूत, किल्ली जुन्या विंडोजमध्ये

प्रश्न : माझ्या खासगी कागदपत्रांच्या फोल्डरवर मी प्रॉपर्टीजमधील ‘एन्क्रिप्ट कन्टेन्ट्स टू सिक्युअर डेटा’ या पर्यायापुढे बरोबरची खूण केली होती आणि त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर नियमितपणे ठेवत होतो. संगणक फारच मंद झाल्यामुळे गेल्या आठवड्यात सी ड्राइव्ह फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकले. खात्याचे नाव आणि पासवर्ड मुद्दाम पूर्वीचेच ठेवले. आता बॅकअपमधील फाइल्सची नावे दिसतात, पण कोणतीही फाइल उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ असा संदेश येतो. फाइल्सची मालकी स्वतःकडे घेतली, सर्व परवानग्या दिल्या, तरी फरक पडला नाही. लिनक्समधून त्या उघडतील असे एका मित्राचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती. हे उत्तर वाचून होईपर्यंत तो संगणक बंद ठेवा आणि बाहेरच्या डिस्कवरची एकही फाइल पुसू नका. तुमचा बॅकअप बिघडलेला नाही. तो उघडणारी किल्ली बॅकअपमध्ये कधी नव्हतीच. ती फॉरमॅट झालेल्या सी ड्राइव्हवर होती, त्यामुळे आपल्याला शोधायची आहे ती किल्ली.

तुम्ही जी खूण केली होती तिच्यामागे ‘एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टिम’, म्हणजे ईएफएस नावाची यंत्रणा काम करते. विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये आहे. ही यंत्रणा प्रत्येक फाइलसाठी एक स्वतंत्र किल्ली तयार करते, त्या किल्लीने मजकूर कूटबद्ध करते, आणि मग ती किल्लीच तुमच्या खात्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून त्या फाइलसोबत ठेवून देते. ही दुसरी पेटी उघडू शकते ती फक्त तुमची खासगी किल्ली, आणि ती राहते तुमच्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये. तिथेही ती उघडी पडलेली नसते. विंडोजची एक ‘मास्टर की’ तिचे रक्षण करते, आणि ती मास्टर की तुमच्या लॉगिन पासवर्डने बंद केलेली असते. थोडक्यात, पासवर्डने मास्टर की उघडते, मास्टर कीने खासगी किल्ली, खासगी किल्लीने फाइलची किल्ली आणि शेवटी फाइल. यातली मधली एक कडी जरी हरवली तरी साखळी तुटते.

नाव आणि पासवर्ड तेच ठेवूनही उपयोग का झाला नाही, हे यावरून लक्षात येईल. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खाते तयार होताना त्याला एसआयडी नावाचा एक लांबलचक क्रमांक मिळतो, आणि नव्या विंडोजमधील तुमच्या खात्याला नवा क्रमांक मिळालेला आहे. त्या खात्यासाठी विंडोज नवी मास्टर की आणि नवी खासगी किल्ली तयार करते, आणि त्यांचा जुन्या फाइल्सशी काहीही संबंध नसतो. मालकी आणि परवानग्या ही तर निराळीच गोष्ट आहे. त्या बदलून तुम्ही खोलीत शिरण्याची मुभा मिळवलीत, पण आतली तिजोरी बंदच राहिली. लिनक्सचेही तसेच. ईएफएस फाइलचे नाव आणि आकार लपवत नाही, त्यामुळे लिनक्समध्ये सगळी यादी व्यवस्थित दिसेल, मात्र मजकूर कूटबद्धच राहील.

आता शोध कुठून सुरू करायचा ते पाहू. बॅकअपची डिस्क कोणत्याही विंडोज संगणकाला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘सायफर’ ही आज्ञा तिरपी रेघ व ‘सी’ हे अक्षर आणि त्यापुढे एका फाइलचे नाव लिहून चालवा. उत्तरात ही फाइल कोण उघडू शकते त्या खात्याचे नाव येईल आणि त्याखाली सर्टिफिकेटचा (तुमच्या किल्लीच्या ओळखपत्राचा) ठसा, म्हणजे अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून चाळीस चिन्हांची ओळ दिसेल. ती ओळ कागदावर उतरवून घ्या. पुढे कोणतेही सर्टिफिकेट हाती लागले की त्याचा ठसा या ओळीशी जुळतो का, एवढेच पाहायचे आहे. जुळला नाही, तर ते सर्टिफिकेट कितीही आशादायक वाटले तरी बाजूला ठेवा.

सर्वांत सोपी शक्यता आधी तपासा. ईएफएस पहिल्यांदा वापरताच विंडोज ‘आपल्या एन्क्रिप्शन कीचा बॅकअप घ्या’ अशी सूचना दाखवते. बहुतेक जण ती बंद करून टाकतात (मीही एकेकाळी तेच केले होते), पण तुम्ही ती पाळली असल्यास पीएफएक्स या विस्ताराची एक छोटी फाइल कुठेतरी असेल. जुने पेन ड्राइव्ह, स्वतःला पाठवलेल्या ईमेल, ऑनलाइन साठवण, सगळीकडे हा विस्तार घालून शोधा. फाइल सापडली की तिच्यावर दोनदा क्लिक करा, ‘करंट यूजर’ निवडा, निर्यात करताना दिलेला पासवर्ड लिहा आणि आयात पूर्ण करा. ठसा जुळत असेल तर फाइल्स त्याच क्षणी उघडू लागतील. इथे अनेकांची फसगत होते ती सीईआर विस्ताराच्या फाइलमुळे. तिच्यात फक्त सार्वजनिक किल्ली असते. सर्टिफिकेट उघडल्यावर पहिल्या पानाच्या तळाशी ‘या सर्टिफिकेटशी जुळणारी खासगी किल्ली तुमच्याकडे आहे’ अशा अर्थाचे वाक्य दिसत नसेल, तर त्या सर्टिफिकेटने फाइल उघडणार नाही. आणखी एक सावधगिरी : विंडोजच्या होम आवृत्तीत ईएफएसचा पर्याय निवडता येत नाही, म्हणून हे सारे प्रयोग प्रो आवृत्तीवर करावेत.

पीएफएक्स नसेल, तर संपूर्ण सी ड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे ‘सिस्टिम इमेज’, कधी काढली होती का ते आठवा. असल्यास ती एखाद्या मोकळ्या डिस्कवर पुनर्स्थापित करा, जुन्या खात्यातून लॉगिन करा आणि तिथूनच पीएफएक्स निर्यात करा. माझ्या मते हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, कारण साखळीतील सगळ्या कड्या आपापल्या जागी असतात. संगणक कार्यालयाच्या डोमेनमध्ये, म्हणजे एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या जाळ्यात, जोडलेला असेल तर तिथल्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरला ‘डेटा रिकव्हरी एजंट’ नेमलेला आहे का हे विचारा. असा एजंट असल्यास त्याच्या किल्लीनेही फाइल्स उघडतात, आणि सायफरच्या उत्तरात त्याचे नाव वेगळे दिसते.

यांपैकी काहीच नसेल, तर उरते ती फॉरमॅट झालेली डिस्क. जुन्या प्रोफाइलमधील ‘ॲपडेटा’, त्यातील ‘रोमिंग’ आणि त्यातील ‘मायक्रोसॉफ्ट’ या फोल्डरखाली दोन फोल्डर महत्त्वाचे असतात. ‘क्रिप्टो’मध्ये खासगी किल्ली असते आणि ‘प्रोटेक्ट’मध्ये मास्टर की. या फाइल्स आकाराने अगदी लहान असतात. त्या दोन्ही मिळाल्या आणि त्या वेळचा लॉगिन पासवर्ड आठवत असला, तर ईएफएससाठी तयार केलेली पुनर्प्राप्तीची सॉफ्टवेअर जुनी खासगी किल्ली पुन्हा उभी करू शकतात. त्या फाइल्स नव्या प्रोफाइलमध्ये नुसत्या चिकटवून मात्र काम होत नाही. हे फोल्डर परत मिळतील की नाही, हे डिस्कच्या प्रकारावर अवलंबून आहे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क झटपट फॉरमॅट केली असेल, तर नवे विंडोज जिथे लिहिले गेले नाही तिथे जुना मजकूर टिकून असतो. अशी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी, तिची सेक्टरनिहाय, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट जशीच्या तशी प्रत काढावी आणि शोध त्या प्रतीवर घ्यावा. डिस्क एसएसडी असेल तर आशा फारच थोडी आहे, कारण फॉरमॅटनंतर ‘ट्रिम’ आज्ञेमुळे रिकाम्या ठरलेल्या जागेतील मजकूर ड्राइव्ह स्वतःच टाकून देतो.

ज्यांनी फॉरमॅट न करता आहे त्याच जागेवर विंडोज टाकले आहे, त्यांनी सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर आहे का ते लगेच पाहावे आणि तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. जुने प्रोफाइल किल्ल्यांसकट त्यात असते. नव्या आवृत्तीत गेल्यानंतर विंडोज हा फोल्डर साधारण १० दिवसांनी आपणहून काढून टाकते, त्यामुळे उद्यावर ढकलू नका.

किल्ली न शोधता कूट फोडून देतो, असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून ईएफएस एईएस ही कूटबद्ध करण्याची पद्धत २५६ बिटांच्या किल्लीसह वापरते, आणि एकेक किल्ली लावून पाहत ते उघडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही.

प्रश्न : माझी बाहेरची डिस्क बिटलॉकरने (संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीने) बंद आहे आणि काही बॅकअप पासवर्ड घातलेल्या सेव्हन-झिप फाइल्समध्ये आहेत. विंडोज नव्याने टाकल्यास माझीही अशीच अडचण होईल का?

उत्तर : नाही. या दोन्ही प्रकारांत कुलूप उघडण्याची व्यवस्था त्या डिस्कसोबत किंवा फाइलसोबतच प्रवास करते. बिटलॉकरची डिस्क दुसऱ्या विंडोज संगणकावर पासवर्ड घालून उघडते. पासवर्ड विसरलात तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा टेक्स्ट फाइलमध्ये तुम्ही ठेवलेली असेल. अशा अनेक किल्ल्या साठल्या असतील तर डिस्क जो ‘की आयडी’ दाखवते त्याच्याशी जुळणारी निवडावी. झिपचा पासवर्ड विसरलात, तर मात्र त्याला दुसरी किल्ली नसते.

प्रश्न : मी ईएफएस वापरतो आणि पुढच्या महिन्यात विंडोज नव्याने टाकणार आहे. आधी काय करावे?

उत्तर : ‘सायफर’ ही आज्ञा ‘यू’ आणि ‘एन’ या दोन अक्षरांसह, प्रत्येकाआधी तिरपी रेघ देऊन चालवली की संगणकाच्या ड्राइव्हवरील सर्व कूटबद्ध फाइल्सची यादी मिळते. ती पाहून ठरवा. फाइल्स थोड्या असतील तर ती खूण सरळ काढून टाका, म्हणजे त्या साध्या होतील. बॅकअपच्या जुन्या प्रती मात्र कूटबद्धच राहतील, म्हणून त्याही नव्याने घ्या. फाइल्स बऱ्याच असतील तर ‘सर्टएमजीआर डॉट एमएससी’ उघडा, ‘पर्सनल’मधील सर्टिफिकेटवर उजवी क्लिक करून निर्यात निवडा, ‘खासगी किल्लीसह’ हा पर्याय घ्या आणि तयार झालेली पीएफएक्स फाइल एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरबाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवा. त्यानंतर दुसऱ्या संगणकावर ती आयात करून बॅकअपमधील एक फाइल खरोखर उघडून पाहा. ती उघडल्याशिवाय फॉरमॅटचे बटण दाबू नका.